कॅम्पसाठी फिक्स्ड ब्लेड चाकू : पातं किती लांब, किती जाड?

रानवाट

कॅम्पवर फिक्स्ड ब्लेड, म्हणजे घडी न होणारा चाकू वापरणाऱ्यांची मतं हवी आहेत. पातं किती लांब आणि किती जाड असावं?

माझं मत आधीच मांडते, म्हणजे खोडून काढायला सोपं जाईल. दहा-अकरा सेंटीमीटर लांब आणि अडीच-तीन मिलिमीटर जाड पातं जवळजवळ सगळ्या कामांना पुरतं. कॅम्पवर चाकू लागतो कशाला? तंबूच्या खुंट्या तासायला, दोरी कापायला, जाळ धरावा म्हणून बारीक ढलप्या काढायला, भांडं टांगायच्या काठीला खाच पाडायला, भाजी चिरायला. यातल्या एकाही कामाला वजन लागत नाही, ताबा लागतो. सहा मिलिमीटर जाडीचा सुरा गाजरात घातला तर गाजर चिरलं जात नाही, कडकन फुटतं. खुंटी तासतानाही जाड पातं लाकडात शिरण्याऐवजी वरून घसरतं आणि मग माणूस जोर लावतो. तिथेच हात कापतो.

तरीही नवीन माणूस हमखास जाड, काळा, पाठीवर करवतीचे दाते असलेला सुरा उचलतो, कारण तो मजबूत दिसतो. मला हे मनापासून खटकतं. तर दोन प्रश्न : लाकूड फोडण्यासाठी तरी जाड पातं हवंच का? आणि कार्बन स्टील की स्टेनलेस?

कातळमाथा

असहमत. तुम्ही कोरड्या हवेतला कॅम्प डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

सलग पाऊस पडून गेल्यावर जमिनीवरच्या काटक्या आतपर्यंत भिजलेल्या असतात. कोरडं लाकूड असतं ते मनगटाएवढ्या, उभ्या वाळलेल्या फांदीच्या पोटात. तिथवर पोचायचं तर फांदी उभी फोडावीच लागते. तीन मिलिमीटरच्या पात्यावर दांडकं हाणायची माझी तयारी नाही. मी साडेचार मिलिमीटर जाड, बारा-तेरा सेंटीमीटर लांब, फुल टँग (म्हणजे पात्याचं स्टील पूर्ण मुठीतून गेलेला) चाकू वापरतो. भाजीसाठी वेगळी पातळ सुरी नेतो, तिचं वजन सॅकमध्ये जाणवतही नाही.

झुळूक

मूळ धाग्याला +१. पाठीवरच्या दात्यांबद्दल +१००.

खऱ्या करवतीचे दाते एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे काप पात्याहून रुंद पडतो आणि करवत अडकत नाही. चाकूच्या पाठीवर कोरलेले दाते सरळ असतात, दोन-चार ओढींत रुतून बसतात. शिवाय पाठीवर अंगठा टेकता येत नाही आणि ठोकताही येत नाही.

पाचर

कातळमाथा, पावसाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यावरून थेट जाड पात्याकडे जाऊ नका. चाकूने लाकूड फोडताना, म्हणजे ज्याला बॅटनिंग म्हणतात त्यात, पातं मोडतं ते बहुतेक वेळा पद्धत चुकल्यामुळे.

आधी फांदी करवतीने वीतभर लांबीची कापून घ्या. जिथून फांदी फुटली असेल, तो गाठीचा तुकडा बाजूला ठेवा. गाठीशी रेषे वळलेले असतात, पातं तिथे अडकतं आणि पिळलं जातं. फोडायचा तुकडा पात्याच्या लांबीपेक्षा निदान तीन सेंटीमीटर अरुंद हवा, कारण पातं आत बुडाल्यावर ठोकायला टोक बाहेर उरलं पाहिजे. म्हणजे रानवाट यांच्या दहा सेंटीमीटरच्या चाकूने सात सेंटीमीटरचा तुकडा आरामात फुटतो. जाळ धरण्यासाठी त्याहून जाड लाकूड फोडायची गरजच पडत नाही.

तुकडा दुसऱ्या सपाट ओंडक्यावर उभा ठेवा, जमिनीवर नको. पातं आरपार गेलं की धार थेट माती-खड्यांत जाते. पाठ आत बुडेपर्यंत हलके ठोके, मग बाहेर उरलेल्या टोकाकडच्या भागावर. मूठ पातळीत राहील इतकीच धरा. ती खाली दाबून ठेवली की सगळा ताण मूठ आणि पातं जिथे जुळतात तिथे येतो. ठोकायला लाकडी दांडकं घ्या. दगड किंवा हातोडी कधीही नाही.

याहून सौम्य उपाय म्हणजे चाकूने फक्त चीर पाडायची आणि त्या चिरेत लाकडाच्या पाचरी ठोकायच्या. पाचरी त्याच चाकूने दोन मिनिटांत तासून होतात. फोडायचं काम पाचर करते, पात्यावर फारसा ताण येत नाही. कोणत्याही जाडीच्या चाकूला हे जमतं.

निखारा

पाचर, नावाला जागलात! वाचनखूण साठवली.

उत्तररात्र

मला बॅटनिंगच पटत नाही. घडीची करवत आणि छोटी कुऱ्हाड ही लाकडाची हत्यारं आहेत, चाकू नव्हे. आडरानात चाकू मोडला तर दुसरा कुठून आणणार?

पाचर

आडरानात मोडला तर नाही आणणार, म्हणून तर पद्धत लिहिली. पण कुऱ्हाडीबद्दल एक सांगतो. थकलेल्या माणसाच्या हातात, अंधुक उजेडात, छोटी कुऱ्हाड ही मोठ्या कुऱ्हाडीपेक्षा धोक्याची. दांडा आखूड असल्यामुळे चुकलेला घाव जमिनीत न जाता गुडघ्याकडे किंवा नडगीकडे येतो. चाकू लाकडात रोवलेला असतो, त्याला भिरकवायचं नसतं. बारीक सरपणासाठी मला ते जास्त सुरक्षित वाटतं.

करवतीबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. आडवं कापायला करवत, उभं फोडायला चाकू आणि पाचर. ही जोडी असेल तर जाड पात्याचं प्रयोजनच संपतं.

घण

धातुकाम हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून स्टीलच्या प्रश्नाला हात घालतो.

कार्बन स्टीलमध्ये १०९५ हे नेहमीचं नाव. त्यात साधारण ०.९५ टक्के कार्बन असतो, क्रोमियम जवळपास नाही. स्टेनलेसमध्ये १२सी२७ घ्या : कार्बन साधारण ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेराच्या आसपास. ते क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतं, म्हणून गंज लवकर चढत नाही. दोन्ही स्टीलं कॅम्पच्या कामाला उत्तम आहेत. समुद्राकाठी किंवा सतत ओलसर हवेत जाणार असाल तर डोळे मिटून स्टेनलेस घ्या. चाकू रोज पुसायची आणि तेल लावायची हौस असेल तर कार्बन घ्या. साध्या दगडावर त्याला धार पटकन येते.

पण खरी गोष्ट नावापेक्षा पाणी कसं दिलंय यावर ठरते. तापवून विझवलेलं स्टील भलतंच कठीण आणि ठिसूळ होतं. मग ते पुन्हा, १०९५ असेल तर साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, तेव्हा थोडा कठीणपणा जातो आणि चिवटपणा येतो. बुशक्राफ्टच्या, म्हणजे रानातल्या कामाच्या, चाकूंची कठीणता रॉकवेल मापावर बहुधा ५६ ते ६० असते. याचा कॅम्पवर अर्थ काय? चाकूने निखारे हलवू नका, पातं जाळात धरू नका. शेकोटीचे निखारे दोनशेपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असतात. धारेची पातळ कड काही क्षणांत मऊ पडते आणि कितीही घासली तरी धार टिकत नाही. असा चाकू पुन्हा पाणी दिल्याशिवाय सुधरत नाही.

कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या बरंच खाली, स्टील आणखी ठिसूळ होतं आणि गोठलेलं लाकूडही दगडासारखं कठीण होतं. तिथे ठोकाठोकी टाळा, किंवा पातं आधी अंगाशी धरून थोडं ऊबेला आणा.

कातळमाथा

घण, फुल टँगबद्दल लिहा ना. माझा सगळा भरवसा त्यावर आहे.

घण

फुल टँग म्हणजे पात्याचंच स्टील मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीत जातं आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या किंवा मायकार्टाच्या (राळेत दाबलेल्या कापडाच्या) फळ्या बसवतात. मजबूत, यात शंका नाही. फळी फुटली तरी दोरी गुंडाळून काम चालवता येतं. पण वजन वाढतं आणि थंडीत उघडं स्टील तळहाताला गार लागतं.

फिनलंडचा पुक्को पाहा. त्यात टँग अरुंद असतो, लाकडाच्या मुठीत लपलेला, आणि असे चाकू पिढ्यानपिढ्या वापरले गेलेत. टँग अरुंद असूनही खांद्याशी, म्हणजे पातं संपून टँग सुरू होतो तिथे, कोपरा गोलसर ठेवला असेल तर तो टिकतो. काटकोनात कापलेला कोपरा असेल तर तडा तिथूनच जातो. तेव्हा टँग किती रुंद आहे यापेक्षा तो खांद्याशी कसा उतरतो, हे मी आधी पाहतो.

उंबरा

छान चाललाय धागा. थोडं जुनं सांगते, कारण हा वाद शंभराहून जास्त वर्षं सुरू आहे.

अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स (१८२१–१८९०) 'नेसमक' या नावाने लिहायचे. लहानखुरी दुधारी कुऱ्हाड, घडीचा चाकू आणि पातळ पात्याचा म्यानातला चाकू, अशी त्यांची तीन हत्यारं. नंतर होरेस केपहार्ट (१८६२–१९३१) आले, जे ग्रंथपालाची नोकरी सुटल्यावर स्मोकी पर्वतात जाऊन राहिले. भोसकायला घडवलेले, आडवी पट्टी लावलेले जाड सुरे कॅम्पवर बिनकामाचे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. त्यांचा स्वतःचा चाकू साध्या मुठीचा, साधारण साडेचार-पाच इंच पात्याचा. आजही त्या आकाराला केपहार्ट म्हणतात. कॅनडाचे मॉर्स कोचान्स्की (निधन २०१९) यांनी तर स्वीडनमधल्या मोरा गावच्या साध्या, स्वस्त चाकूंवर पिढ्या घडवल्या.

ही सगळी माणसं आयुष्यभर जंगलात वावरली आणि तिघांचाही कल पातळ, साध्या पात्याकडे. मला हे रानवाट यांच्या बाजूचं फार मोठं वजन वाटतं.

कोचान्स्कींची 'ट्राय स्टिक' नवशिक्यांनी जरूर करावी. एकाच काठीवर वेगवेगळ्या खाचा पाडायच्या : दोरी अडकायची खाच, भांड्याच्या कडीची खाच, काटकोनी खाच, चौकोनी भोक, टोकाला खुंटीची अणी. चाकूची प्रत्येक पकड त्यात आपोआप शिकली जाते.

नवखा_गडी

सगळं लक्ष देऊन वाचतोय. एक शंका. चाकूच्या पाठीने फेरो रॉड (ठिणग्या पाडायची धातूची कांडी) घासला की ठिणग्याच पडत नाहीत, नुसता काळा भुगा पडतो. पातं स्टेनलेसचं आहे म्हणून असं होतं का?

निखारा

नाही. स्टेनलेसचा यात काही दोष नाही. फेरोसेरियम (कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली शोधलेला मिश्रधातू) स्वतःच जळतो. तुमचं काम फक्त त्याचे बारीक कण खरवडून काढायचं, हवेत ते पेट घेतात. ठिणगीचं तापमान तीन हजार अंशांच्या घरात जातं. काचेच्या तुकड्यानेही ठिणग्या पडतात. कार्बन स्टील लागतं ते चकमकीच्या दगडाला, कारण तिथे जळणारा कण स्टीलचा असतो.

दोन गोष्टी तपासा. नव्या रॉडवर काळा लेप असतो, तो आधी खरवडून काढा. आणि पाठीची कड बोटाने पाहा. ती गोलसर घासलेली असेल तर कण निघत नाहीत. बारीक कानशीने पाठ काटकोनी करून घ्या, अख्खी नको, टोकाकडचा बोटभर भाग पुरे. त्याच कडेने भूर्जाची साल किंवा राळ मुरलेलं पाइनचं लाकूड खरवडलं की उत्तम पेटवण मिळते आणि धारही वाचते.

घासताना चाकू जागेवर स्थिर ठेवा आणि रॉड मागे ओढा. चाकू पुढे ढकलला तर पेटवणीचा ढीग विस्कटतो.

नवखा_गडी

लेप खरवडला आणि ठिणग्यांचा पाऊस! मनापासून आभार.

आता फेदर स्टिक, म्हणजे ढलप्या काठीलाच लागून ठेवलेली पेटवण. माझ्या ढलप्या काठीला चिकटून राहतच नाहीत, तुटून पडतात.

झुळूक

लाकूड वाळलेलं, सरळ रेषांचं आणि बिनगाठीचं आहे ना? फोडलेल्या तुकड्याची कोपऱ्याची धार पकडा, गोल बाजूवर सुरुवात करू नका. काठीचं खालचं टोक ओंडक्यावर टेकवा, मनगट आणि कोपर घट्ट ठेवा आणि खांद्याने खाली रेटा. पातं लाकडाला जवळजवळ समांतर. कोन वाढला की ते खोल शिरतं आणि ढलपी तुटते. टोकापाशी पोचण्याआधी थांबा, काठी किंचित फिरवा, शेजारची कड घ्या. तुटून पडलेल्या ढलप्याही पेटवणीतच जातात, टाकू नका.

सावली

मी प्रथमोपचार शिकवते. इतका चांगला धागा आहे आणि अजून एकानेही मांडीबद्दल लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. कृपया वरवर वाचू नका.

बसून काम करताना दोन मांड्यांच्या मध्ये कधीही कापू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी (रक्तवाहिनी) जाते. ती कापली तर काही मिनिटांत जिवावर बेततं, आणि तुम्ही रस्त्यापासून दूर असता. कोपरं गुडघ्यांवर टेका आणि काम गुडघ्यांच्या पुढे न्या, किंवा सरळ एका बाजूला वळून बसा. सुरुवात करण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती फिरवा. कोणाला लागत असेल तर त्याला सरकायला सांगा. आपल्याकडे कोणी येताना दिसलं तर हात थांबवा.

जोर लागेल तिथे चाकू ढकलण्यापेक्षा दुसऱ्या हाताचा अंगठा पाठीवर टेकवून अंगठ्याने रेटा. पातं तेवढंच पुढे जातं जेवढा अंगठा जातो. चाकू गुडघ्याशी टेकवून घट्ट धरून काठी मागे ओढणं हाही उत्तम प्रकार आहे. चाकू हलतच नाही, त्यामुळे घसरायचा प्रश्न येत नाही.

चाकू हातात असेल किंवा म्यानात असेल, तिसरी जागा नाही. गवतात ठेवू नका, ओंडक्यात खुपसून ठेवू नका. म्यानात घालताना म्यानाकडे पाहा, आणि म्यान धरलेल्या हाताची बोटं धारेच्या बाजूला वळू देऊ नका. जुन्या चामड्याची शिवण फाडून धार बाहेर आलेली मी पाहिली आहे. चाकू हातातून पडला तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. अंधार पडल्यावर आणि दमल्यावर तासकाम बंद.

कापलंच तर स्वच्छ फडकं दाबून धरा, दर मिनिटाला उघडून पाहू नका. हाता-पायातून रक्त उसळून येत असेल आणि दाबून थांबत नसेल तर जखमेवर नाही, तिच्या वरच्या बाजूला, धडाकडे, टूर्निकेट (रक्त थांबवायचा आवळपट्टा) आवळा आणि वेळ लिहून ठेवा. जिथे चाकू जातो, तिथे पट्ट्या आणि टूर्निकेट गेलंच पाहिजे.

कातळमाथा

सावलीताई, हा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीला डकवायला हवा.

रानवाट

डकवण्याची सोय असती तर आत्ता डकवला असता. ताई, मनापासून आभार.

उत्तररात्र

अवांतर : दहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावा का?

सावली

बरोबर बसणार असाल तर द्या. गोल टोकाची आणि मुठीशी बोट अडेल असा उंचवटा असलेली छोटी पाती मुलांसाठी मिळतात. सुरुवात मऊ लाकडाची साल काढण्यापासून. खाचा, टोचणं आणि ठोकणं पुढे. आणि चाकू धारदारच द्या. बोथट चाकू देण्यात शहाणपणा नाही, तो अडतो, मूल जोर लावतं आणि मग पातं अचानक सुटतं.

घण

धारेचा विषय निघालाच आहे तर स्कँडी ग्राइंडबद्दल. यात पात्याच्या बाजूला एकच रुंद उतार असतो आणि तो थेट धारेपर्यंत जातो. दोन्ही उतारांमधला कोन साधारण २० ते २५ अंश. लाकूडकामात तो उतार लाकडावर टेकतो आणि पातं कुठे जातंय ते हाताला कळतं. नवशिक्यासाठी याचा मोठा फायदा धार लावताना होतो. उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप बरोबर. खात्री नसेल तर उतारावर मार्करने शाई फिरवा आणि एकदा घासा. शाई जिथे उरली तिथे दगड लागत नाहीये.

एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला वळलेल्या धातूची बारीक कड, म्हणजे बूर, पूर्ण लांबीभर जाणवली की बाजू बदला. शेवटी पॉलिशची पेस्ट लावलेल्या चामड्यावर, धार मागे ठेवून, हलक्या हाताने. रोज असं चामड्यावर फिरवलं तर दगड क्वचितच काढावा लागतो. कठीण, वाळलेल्या लाकडात धारेला दात पडत असतील तर शेवटचे दोन-तीन फटके किंचित जास्त कोनात द्या, धार टिकाऊ होते.

झुळूक

कार्बनवाल्यांसाठी माझ्याकडून एवढंच : चाकू चामड्याच्या म्यानात घालून महिनोन्‌महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं गंजाला हातभार लावतात. पुसून, तेलाचा हात फिरवून बाहेर ठेवा. वापराने पात्यावर येणारा निळसर-करडा थर मात्र घासून काढू नका, तो लाल गंजाला थोडा अटकाव करतो.

आणि लाकडी मुठीला जवसाचं तेल लावत असाल तर त्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना हे तेल तापतं आणि चुरगळलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

कातळमाथा

मूळ प्रश्नाकडे येतो. पाचर यांच्या पद्धतीने सुट्टीत तीन मिलिमीटरच्या चाकूवर प्रयोग केला, उधारीच्या. भिजलेली फांदी करवतीने कापली, चीर पाडली, दोन पाचरी ठोकल्या. आतलं कोरडं लाकूड निघालं आणि त्याच पातळ पात्याने ढलप्या माझ्या जाड चाकूपेक्षा कितीतरी सुबक आल्या. करवत सोबत असेल तर रानवाट यांचं म्हणणं मला मान्य.

करवत नसेल, एकच हत्यार घेऊन निघायचं असेल, तर मात्र मी अजूनही चार मिलिमीटरच्या बाजूला आहे.

रानवाट

एकच हत्यार या अटीवर मीही चारपर्यंत येईन, पण सहावर नाही :) आणि उभ्या जिवंत झाडाला हात लावायचा नाही, पडलेलं किंवा वाळलेलंच घ्यायचं, हे सगळेच पाळत असाल तरी लिहून ठेवते. जिवंत ओलं लाकूड तसंही नीट जळत नाही.

नवखा_गडी

शेवटची शंका. मी डावखुरा आहे. चाकू वेगळा लागेल का?

घण

दोन्ही बाजूंना सारखा उतार असेल तर पात्याला डावं-उजवं नसतं. एकाच बाजूला उतार असलेली पाती येतात, जपानी किरिदाशी त्यातलीच, ती मात्र हात पाहून घ्यावी लागतात. तुमची अडचण म्यानापाशी येईल. बरीच चामड्याची म्यानं उजव्या कमरेसाठी शिवलेली असतात आणि पट्टीचं बटण अंगठ्याच्या उलट बाजूला जातं. घेण्याआधी डाव्या हाताने चाकू काढून आणि परत घालून पाहा, म्यानाकडे बघत.